वाळू उठेपर्यंत : कँटोनीज ‘हुंग दाऊ सा’ घरी करताना

हाँगकाँगमध्ये रात्री दहा वाजताही गोडाच्या छोट्या दुकानांत बसायला जागा नसते. जेवण उरकून लोक घरच्यांना घेऊन येतात, एकेक वाटी काहीतरी गरम खातात आणि झोपायला जातात. ही ‘तोंग सोई’ची दुकानं. तोंग म्हणजे साखर, सोई म्हणजे पाणी. नाव नुसतं साखरपाणी, पण वाटीत काळ्या तिळाची दाट पेज असते, अक्रोडाची असते, आलं घातलेल्या पाण्यातलं रताळं असतं, हिरवे मूग असतात. आणि घरोघरी होणारं म्हणजे हुंग दाऊ सा, लाल दाण्यांचं दाट गोड सूप. हुंग म्हणजे लाल, दाऊ म्हणजे कडधान्याचे दाणे आणि सा म्हणजे वाळू.

मी चार वर्षं तिथे होते. पहिल्या प्रयत्नात माझे दाणे अख्खे राहिले आणि वर लाल पाणी तरंगलं. दुसऱ्यांदा सगळं मिक्सरमधून काढलं, तर खळ झाली. तिसऱ्यांदा दाणे तीन तास उकळूनही टणकच, कारण साखर सुरुवातीलाच पडली होती. मग आमच्याच मजल्यावरच्या एका आजींनी (त्या वयाच्या बाईंना तिथे ‘पो पो’ म्हणतात) मला स्वतःच्या ओट्यापाशी उभं केलं आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली : वाळू उठली पाहिजे. कँटोनीजमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, याला ‘हेई सा’ म्हणतात. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीसाठी आहेत.

१. वाळू म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

कडधान्याचा दाणा म्हणजे स्टार्चने भरलेल्या असंख्य बारीक पेशी. दाणा शिजतो तेव्हा या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. आतला स्टार्च फुगतो, पण पेशीच्या भिंतीमुळे आणि भोवती गोठलेल्या प्रथिनांमुळे बाहेर सांडत नाही. अशी एकेक भरलेली पेशी जिभेला कणासारखी लागते. चांगल्या कढवलेल्या तुपाला आपण रवाळ म्हणतो ना, तोच शब्द इथे चपखल बसतो.

मिक्सरची पाती या पेशी फाडतात. आतला स्टार्च पाण्यात मिसळतो आणि सूप गुळगुळीत, चिकट होतं. ते खाता येतं, पण ते हुंग दाऊ सा नव्हे. दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर लावलं तरी तेच होतं. म्हणून मिक्सर, ब्लेंडर आणि कॉर्नफ्लॉवर आजच्यापुरते कपाटात राहू द्या.

२. सामान जमवा

चार-पाच वाट्यांसाठी :

- अझुकी, म्हणजे बारके लाल दाणे (ओळख पुढच्या पायरीत) : २०० ग्रॅम
- पाणी : सुमारे २ लिटर, शिवाय भिजवायला आणि पहिल्या उकळीला वेगळं
- चान पेई, म्हणजे मुरवलेली वाळकी संत्रासाल : एका फळाच्या सालीचा पाव ते अर्धा भाग
- खडीसाखर : १०० ते १२० ग्रॅम
- वाळवलेल्या सोललेल्या कमळबिया : ३० ग्रॅम (नसल्या तरी चालेल)

भांडी फार लागत नाहीत. जाड बुडाचं उभं पातेलं, लाकडी डाव, मोठी पळी आणि साल खरवडायला चहाचा चमचा. पातेलं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी कढईत दाण्यांच्या टरफलातली द्रव्यं लोखंडाशी मिळून सूप काळं पडतं.

३. दाणे नीट ओळखा

सर्वांत जास्त फसगत इथे होते.

अझुकी हा मूग, उडीद, मटकी आणि चवळीचा जवळचा नातेवाईक. शास्त्रीय नावात हे सगळे एकाच ‘विग्ना’ प्रजातीचे. आकार मुगापेक्षा थोडा मोठा, रंग गडद लाल, दोन्ही टोकं गोलसर आणि एका कडेला पांढरी सरळ रेघ. राजमा त्यांचा लांबचा नातेवाईक, ‘फॅसिओलस’ या वेगळ्या प्रजातीतला. त्याचं साल जाड असतं आणि चव वेगळी. जम्मूचा बारीक राजमा दिसायला मोह पाडतो, पण त्याची वाळू अशी उठत नाही. आपली लाल चवळी नातेवाईक असली तरी तिचा वास डाळीच्या आमटीची आठवण करून देतो. तिच्या डोळ्याभोवती गडद कडं असतं, त्यावरून ती लगेच ओळखू येते.

दुसरा सापळा खुद्द चिनी दुकानात आहे. तिथे अझुकीच्या शेजारच्या बरणीत ‘चेक सिऊ दाऊ’ असतात. शब्दशः अर्थ ‘लाल बारके दाणे’, त्यामुळे भाषा न येणारा माणूस हमखास तेच उचलतो. मीही उचलले होते. हे दाणे लांबट आणि सडपातळ असतात, रंग जरा काळपट. कँटोनीज घरांत ते, चिनी वैद्यकाच्या समजुतीनुसार शरीरातला ओलसरपणा काढण्यासाठीच्या, खारट सुपात घालतात. कितीही शिजवले तरी मऊ होऊन फुटत नाहीत. गोल हवेत, लांबट नकोत, एवढं लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात अझुकी वाण्याकडे मिळणार नाहीत. मुंबई-पुण्यात जपानी, कोरियन किंवा चिनी सामान ठेवणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. पाकिटावरची तारीख बघा. जुने दाणे निस्तेज आणि सुरकुतलेले दिसतात आणि शिजता शिजत नाहीत. मूठभर हातात घेऊन बघा, तकाकी असेल तर घ्या.

४. चान पेई : सालीची निवड आणि तयारी

नुसते लाल दाणे आणि साखर म्हणजे गोड उसळीचं पाणी. त्याला उंची देते ती चान पेई. ‘चान’ म्हणजे जुनं आणि ‘पेई’ म्हणजे साल. सर्वांत नावाजलेली साल दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या जिआंगमन शहराच्या शिनहुई भागातली. तिथली संत्री गरासाठी नव्हे, सालीसाठीच लावतात. साल तीन पाकळ्यांत, देठाशी जोडलेली ठेवून उघडतात, उन्हात वाळवतात आणि मग वर्षानुवर्षं मुरवतात. किमान तीन वर्षं झाल्याशिवाय तिला चान पेई म्हणत नाहीत. दहा-वीस वर्षांची साल तोळ्याच्या भावात विकतात. ‘ग्वांगडाँगची तीन रत्नं’ म्हणून तिथे एक जुनं बोलणं आहे : चान पेई, जून आलं आणि भाताचा पेंढा. पेंढ्याचं नाव ऐकून मला बरं वाटलं. शेतातल्या माणसाने केलेली यादी आहे ती.

हाँगकाँगमध्ये असाल तर शाँग वानच्या डे व्हू रोड वेस्टवर वाळवलेल्या जिनसांची दुकानं ओळीने आहेत. तिथे दुकानदार बरणी उघडून वास घेऊ देतो. ताज्या संत्र्यासारखा झणझणीत वास आला तर साल कोवळी आहे. जुन्या सालीला लाकडाचा, थोडा औषधी, खोल गेलेला वास येतो. या सुपासाठी तीन ते पाच वर्षांची पुरे. त्याहून जुनी साल दाण्यांत घालून दडवणं मला बरोबर वाटत नाही, ती नुसत्या गरम पाण्यात घालून प्यावी.

घरी आल्यावर साल अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा. मऊ झाली की आतला पांढरा, कापसासारखा थर चमच्याच्या कडेने हळूच खरवडा. तो राहिला तर सूप कडवट होतं. मग साल बारीक कातरा आणि भिजवलेलं पाणी ठेवा, ते सुपात जाईल. प्रमाण वाढवायचा मोह टाळा. २०० ग्रॅम दाण्यांत एक अख्खी साल घातली की काढ्याची चव येते.

चान पेई मिळालीच नाही तर? शिनहुईचं संत्रं आणि आपलं नागपुरी संत्रं या दोन्ही ‘सिट्रस रेटिक्युलाटा’च्याच जाती. मी नागपुरी संत्र्याच्या साली, गरम पाण्याने चोळून धुऊन, कडक उन्हात वाळवून बरणीत भरते आणि दर वर्षी मे महिन्यात पुन्हा ऊन दाखवते. पहिल्या वर्षी त्या तिखट-कडू लागतात. दुसऱ्या वर्षी मवाळ होतात. ताजी वाळलेली साल वापरायची असेल तर पाव सालीपेक्षा कमी घ्या आणि पांढरा थर अगदी निगुतीने काढा.

५. दाणे भिजवा

निवडून, दोन-तीन पाण्यांत धुऊन रात्रभर भिजवा. उन्हाळ्यात आपल्याकडे ओट्यावर ठेवू नका, आंबतात. फ्रिजमध्ये ठेवा. वर तरंगणारे दाणे काढून टाका.

शिजायचा वेळ वाचवायचा असेल तर एक युक्ती हाँगकाँगच्या घरांत सर्रास चालते : तीन-चार तास भिजवून निथळलेले दाणे पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकायचे. दाण्यात शिरलेल्या पाण्याचा बर्फ होताना पेशींची वीण उसवते, त्यामुळे दाणे लवकर फुटतात. मी आता नेहमी असंच करते.

६. पहिलं पाणी फेका

भिजवलेलं पाणी टाकून नव्या पाण्यात दाणे पाच मिनिटं खळखळ उकळा आणि तेही पाणी ओतून द्या. टरफलातला तुरटपणा बराचसा यात जातो. काही घरांत ही पायरी करत नाहीत, रंग जातो म्हणतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे. रंग जात नाही, तुरटपणा जातो.

७. मंद आचेवर शिजवा

पातेल्यात २ लिटर पाणी, दाणे, कातरलेली साल आणि तिचं पाणी एकत्र करा. मोठ्या आचेवर उकळी आणा, मग आच इतकी कमी करा की मध्यभागी बुडबुडे येत राहतील पण दाणे उसळणार नाहीत. झाकण किंचित उघडं ठेवा. आता दीड तास.

पाण्याबद्दल एक सूचना. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. इथेही तेच कारण, तेच दुखणं. पाण्यातला कॅल्शियम पेक्टिनला घट्ट धरून ठेवतो. अशा ठिकाणी फिल्टरचं पाणी घ्या. खायचा सोडा घालू नका. दाणे मऊ होतात, पण रंग काळपटतो आणि सोड्याची चव साखरेलाही झाकता येत नाही.

पाऊण तासाने कमळबिया घाला. त्या आधी तासभर भिजवून, उभ्या उघडून आतला हिरवा कोंब काढलेला असावा. एक कोंब राहिला तरी तो घास कडू जातो, म्हणून प्रत्येक बी बघा. आपल्याकडे इथे आणखी एक घोळ होतो : मखाण्याला अनेक जण कमळाचं बी समजतात आणि पाकिटांवरही तसं छापतात. मखाणा वेगळ्याच पाणवनस्पतीच्या बियांची लाही आहे, सुपात पडताच ती विरघळून जाते. पूजेच्या दुकानातला काळा कमळगट्टा खऱ्या कमळाचा असतो, पण तो माळेसाठीचा, दगडासारख्या कवचाचा. तोही नको.

कमळबियांचं नातं लग्नाशी आहे. कँटोनीज लग्नाच्या जेवणात शेवटी हेच लाल सूप येतं, त्यात कमळबिया आणि वाळवलेल्या लिलीच्या कंदाच्या पाकळ्या. ‘लीन’ म्हणजे कमळ आणि तसाच उच्चार असलेला दुसरा शब्द म्हणजे ‘एकामागून एक’, त्यामुळे कमळबी म्हणजे भरल्या घराचा आशीर्वाद. लिलीच्या पाकळ्या मिळाल्या तर शेवटच्या वीस मिनिटांत घाला. मात्र त्या खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्याच हव्यात, बागेतल्या लिलीचे कंद चुकूनही नकोत.

*कुकर चालेल का?* चालेल, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. भिजवलेले दाणे आणि साल सव्वा लिटर पाण्यात घालून, कुकर निम्म्याहून जास्त न भरता, एक शिट्टी झाली की आच बारीक करून वीस मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जाऊ द्या. कुकर दाणे शिजवतो, वाळू उठवत नाही. ते काम पुढच्या पायरीत उघड्या पातेल्यात, डाव हातात घेऊनच होतं. उरलेलं पाणी तेव्हा गरम करून घाला.

८. वाळू उठवा

दीड तासाने एक दाणा बोटांत दाबा. जराही प्रतिकार न होता पेस्ट व्हायला हवी. मध्ये खडा लागला तर अजून वीस मिनिटं थांबा. मऊ न झालेले दाणे चेपून वाळू होत नाही, नुसता चुरा होतो.

मऊ झाले की पळीच्या पाठीने दाणे पातेल्याच्या भिंतीवर घासून चेपायला लागा. सगळे नको, साधारण निम्मे. मग आच थोडी वाढवा आणि लाकडी डावाने तळापासून एकाच संथ गतीने ढवळत राहा. दाणे एकमेकांवर घासतात, टरफलं सुटतात आणि आतल्या पेशी पाण्यात मोकळ्या होतात. दहा मिनिटांत पाणी गढूळ होतं. वीस मिनिटांत डाव उचलला की त्याच्यावर एकसारखा, कणीदार लाल थर राहतो. त्यावर बोट फिरवून बघा. पो पो त्या थराचा एक थेंब जिभेच्या टोकावर घेऊन टाळ्याला चोळायच्या आणि मान हलवायच्या. तसंच करा. रवा जाणवला की वाळू उठली.

या वीस मिनिटांत गॅसपासून हलू नका. मोकळा झालेला स्टार्च तळाशी बसतो आणि क्षणात लागतो. लागल्याचा वास आला तर तळ अजिबात खरवडू नका, वरचं सूप अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या. घट्ट झालं तर उकळतं पाणी घाला. ताकाइतकं पातळ नको, पिठल्याइतकं घट्ट नको, बासुंदीच्या थोडं अलीकडे थांबा. निवताना ते आणखी आळतं.

टरफलं आवडत नसतील तर मोठ्या भोकांच्या चाळणीतून गाळता येतं. दुकानांत कधी कधी तसं करतात. मला मात्र दाताखाली मधूनच येणारं टरफल आवडतं, घरच्या सुपाची ती खूण आहे.

९. साखर शेवटी, आणि फक्त शेवटी

पुरणात डाळ पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालत नाहीत, याचं कारण आणि इथलं कारण एकच. साखर पाणी धरून ठेवते, दाण्यात शिरू देत नाही, आणि पेक्टिन विरघळायचं थांबतं. अर्धकच्च्या दाण्यांवर साखर पडली की ते तिथेच अडतात. माझ्या तिसऱ्या प्रयत्नात नेमकं हेच झालं होतं.

वाळू उठल्यावर खडीसाखर घाला आणि दहा मिनिटं उकळा. आधी १०० ग्रॅम, चव बघून पुढचं. कँटोनीज गोड आपल्या मानाने सौम्य असतं, आणि गोडी वाढवली की सालीचा वास मागे पडतो. खडीसाखरेला तिथे ‘बिंग तोंग’ म्हणतात. काही जण ‘पीन तोंग’ वापरतात, म्हणजे विटेसारख्या चपट्या तपकिरी साखरेच्या कांड्या, त्याने रंग छान गडद येतो. गूळ घालून बघितला. वाईट लागत नाही, पण मग वाटीत फक्त गूळच बोलतो. आठवड्यातून एकदा ते चालेल, पहिल्यांदा करताना नको.

१०. वर काय घालायचं

सर्वांत सोपा साबुदाणा. चीनमध्येही आता साबुदाणा बहुतेक टॅपिओकाचाच असतो, तेव्हा आपला चालतो. वेगळ्या भरपूर पाण्यात उकळा, मध्यभागी पांढरा ठिपका उरला की गॅस बंद करून झाकून ठेवा, ठिपका गेल्यावर गार पाण्यात धुऊन घ्या. त्यावर दोन चमचे नारळाचं दाट दूध. सिंगापूर-मलेशियाकडे ही जोडी फार आवडते.

दुसरं म्हणजे ‘तोंग युन’, चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्या. साखरेचा ‘तोंग’ आणि सुपाचा ‘तोंग’ कँटोनीजमध्ये फक्त सुरावरून वेगळे कळतात. इथला तोंग सुपाचा. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी, २१-२२ डिसेंबरला, घरोघरी त्या होतात. १०० ग्रॅम पिठात सुमारे ८० मिली कोमट पाणी थोडं थोडं घालून मऊ गोळा मळा, गोटीएवढ्या गोळ्या करा, वेगळ्या उकळत्या पाण्यात सोडा, वर आल्यावर एक मिनिट ठेवून सुपात घाला. थेट सुपात शिजवल्या तर तळ लागतो. पीठ चिकट तांदळाचंच हवं. मोदकाच्या पिठीच्या गोळ्या पाण्यात फुटतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना देताना गोळ्या अर्ध्या करून द्या, घशात चिकटतात.

११. वाढा आणि ठेवा

थंडीत गरम, उकाड्यात फ्रिजमधलं गार. फार उकाडा असेल तर तिथे लाल दाण्यांऐवजी हिरव्या मुगाचं सूप करतात, कारण मूग थंड मानतात; आपल्या आज्यांचं उष्ण-थंडाचं गणित त्यांना अजिबात परकं वाटणार नाही. त्या मुगात एक उग्र वासाची पाल्याची काडी घालतात. पहिल्यांदा वास आला तेव्हा मी दचकले, तो आपला सताप होता. करून पाहायचं असेल तर एकच काडी घाला आणि नंतर काढून टाका. गरोदर बाईला मात्र ते देऊ नका.

उरलेलं लाल सूप फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी ते वडीसारखं आळलेलं असेल. वाटीभराला पाव वाटी पाणी घालून मंद आचेवर, तळापासून ढवळत गरम करा. गोळ्या आणि साबुदाणा त्यात आधीच मिसळून ठेवू नका, सगळं पाणी पिऊन फुगतात. अगदीच घट्ट राहिलं तर साच्यात भरून, काडी खोचून फ्रीझरमध्ये ठेवा. हाँगकाँगची मुलं लाल दाण्यांची अशी आइसकांडी दुपारभर चोखत असतात.